यंत्रनगरीतला पितळी दांडा

खारकोंड, ता. उरण
९ डिसेंबर १९५९

ती. दादास दयारामचा नमस्कार.

हे अक्षर तू ओळखणार नाहीस म्हणून आधीच नाव घातलं. तू गेलास तेव्हा मी सहावीतून शाळा सोडून नुकताच बाबांबरोबर मिठागरात उतरलो होतो. पनवेलच्या आश्रमाचा पत्ता पोस्टमास्तरांना विचारला नाही. उरणच्या दवाखान्याच्या भिंतीवर महारोगाबद्दल एक कागद लावला आहे, त्याच्या तळाशी तो होता. उतरवून घेताना मी औषधाच्या रांगेत उभा राहिलो, म्हणजे कोणाला वेगळं वाटू नये.

सहा वर्षांत घरातून तुला कोणी लिहिलं नाही हे मला माहीत आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं तर पत्र पुरं व्हायचं नाही.

आई-बाबा चालते-फिरते आहेत. बाबा अजून सगळ्यांच्या आधी बांधावर जातात. गेल्या वर्षी माझं लग्न झालं. मुलगी रेवसच्या वाटेवरच्या धामणखारची, नाव सगुणा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आहे. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. मी अजून पाहिलेली नाही. सोयरीक ठरताना तिच्या माणसांनी थोरल्या भावाचं विचारलं होतं. बाबांनी सांगितलं, धर्मा मुंबईला गोदीत आहे, त्याला सुट्टी मिळत नाही. गावातही तेच सांगतो. गावाला खरं ठाऊक आहे, पण तेही गोदीच म्हणतात.

पत्र लिहायचं कारण म्हणजे अलिबागला गेलो होतो त्याची हकिकत तुला कळवावी असं वाटलं. भाताची झोडणी झाली आहे, मिठागराचं काम अजून जोरात लागलेलं नाही. भागोजीने टूम काढली. अलिबागच्या मैदानावर यंत्रनगरी आली आहे, दोन दिवस जाऊन येऊ, परत येताना धामणखारला उतरून तुझी पोर बघू. भागोजी तुला आठवत असेल, तुझ्या वेळी तो मिठाच्या कोंडीतल्या खेकड्यांच्या नांग्या बांधून पोरांच्या अंगावर सोडायचा. अजून तसाच आहे. त्याची बायको शकूही आली. करंज्याहून मचव्याने रेवस, तिथून एस. टी. ने अलिबाग. शकूला मचव्यात मळमळलं आणि ती भागोजीला म्हणाली, "इथंच उलटतं, यंत्रान काय व्हील?" भागोजी म्हणाला, "यंत्रान उलटलीस तं तुना बघायला तिकीट लावतील."

यंत्रनगरी म्हणजे मैदानाला पत्र्याचं कुंपण घालून आत सगळं विजेवर चालणारं. इंजिनाची एक मोटार मागे धडधडत असते, तिच्यावर सगळं. भरदुपारी दिवे लावलेले होते. आकाशपाळणा माणसांनी ढकलावा लागत नाही. एकजण खाली खुर्चीवर बसून दांडी ओढतो आणि पाळणा आपला वर जातो. शकू त्यात बसली आणि वर जाईपर्यंत तिने डोळे घट्ट मिटून घेतले, खाली आल्यावर उघडले. मग सांगत सुटली की मुंबई दिसली. रशियाने आभाळात सोडलेल्या चंद्राची नक्कल टांगलेली होती, पत्र्याची, चार मिशांची, आणि ती बीप बीप वाजत होती. एक यांत्रिक माणूस होता. डोळ्यांच्या जागी तांबडे दिवे, विचारलं की कर्ण्यातून उत्तर द्यायचा. भागोजीने त्याला विचारलं, "मिठागरान येशील का कामाला?" तो म्हणाला, "मी भारताचा भावी कामगार आहे." भागोजी म्हणाला, "ये बाबा. आठ दिवसांत गंजून तुजी कढई व्हील." मागच्या पडद्याआड कोणीतरी हसलं आणि खोकला काढला. त्यावरून कळलं की आत माणूस आहे.

तसंच एक ताकदीचं यंत्र होतं. जमिनीवर तांब्याचा पत्रा, त्याच्यावर अनवाणी उभं राहायचं, आणि पेटीतून आलेला पितळी दांडा मुठीत धरायचा. यंत्रवाला हळूहळू वीज वाढवतो. समोर तबकडीवर काटा सरकतो, तिच्यावर लिहिलंय बालक, गडी, पहिलवान, भीम. सहन होईना की सोडायचं. भागोजी गड्यापर्यंत गेला आणि मोठ्याने शिवी देऊन त्याने दांडा सोडला. मी उजव्या हाताने धरला तर मुठीत लाल मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं, गड्याच्या पुढे जाता आलं नाही. भागोजी म्हणाला, "डाव्यानं बघ. डावा हात बायकोचा, त्याला मार खायची सवय असते." शकूने त्याला चिमटा काढला. मी डाव्याने धरला. काटा गड्यावर गेला, पहिलवानावर गेला, भीमावर जाऊन अडकला. लोक टाळ्या वाजवत होते. यंत्रवाल्याने पेटीवर थाप मारून पाहिली, यंत्र बिघडलं का म्हणून. मला कोपरापाशी थोडा ठणका लागला. मुठीत काही कळलं नाही. बक्षीस म्हणून पत्र्याचा एक बेडूक मिळाला, चावी दिली की उड्या मारतो.

मग आम्ही चहा घेतला. मी पेला डाव्या हातात धरून गर्दीकडे बघत होतो. शकू म्हणाली, "भावोजी, पेला खाली ठेवा की. वाफ बघा." खाली ठेवला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाल झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे फोड आले.

परतीला मी धामणखारला उतरलो नाही. भागोजीला सांगितलं, पोट बिघडलंय. बेडूक घरी फळीवर ठेवला आहे.

मिठागरात काम करणाऱ्यांच्या हातापायांना लवकर काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. बाबांच्या टाचेत बाभळीचा काटा पुरा आठवडा होता. मीठच ते. मी तेच धरून चाललो आहे. तरी एक विचारतो. तुला आधी कोणत्या ठिकाणी कळेनासं झालं होतं? तुझ्या पाठीवर जो पुसट डाग होता तो मऊ होता की खरखरीत?

उत्तर भागोजीच्या नावाने पाठव. त्याला वाचता येत नाही.

दयाराम

खारकोंड
२२ डिसेंबर १९५९

दादा,

तुझं पत्र मिळालं. भागोजीने आणून दिलं आणि म्हणाला, "ह्या कागदासाठी मना पोस्टान नाव सांगायला लावलंस, आता आत काय हाय ते तरी सांग." मी सांगितलं, बियाण्याचं आहे. तो म्हणाला, बियाण्यासाठी पनवेल कशाला, आणि निघून गेला.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. कोंबडीचं पीस घेतलं, डोळे मिटले. पीस फिरवायला दुसरा माणूस लागतो असं तू लिहिलंस, पण दुसरा माणूस कुठून आणायचा, म्हणून एका हाताने दुसऱ्यावर फिरवलं. आपलंच पीस आपल्या हाताने फिरवलं की कुठे लागतंय ते आधीच माहीत असतं. खात्री पटेना. गरम पाण्याचा आणि गार पाण्याचा तांब्या घेऊनही तेच.

म्हणून मी पुन्हा अलिबागला गेलो. एकटाच. घरी सांगितलं की रेवसला मिठाच्या व्यापाऱ्याला भेटायचं आहे.

यंत्रनगरी उठत होती. यांत्रिक माणूस गाडीत आडवा घातला होता, डोळ्यांचे दिवे काढून वेगळे बांधले होते. पाळण्याच्या बादल्या गवतात ओळीने ठेवल्या होत्या. ताकदीचं यंत्र तेवढं चालू होतं, कारण पोरं अजून येत होती. यंत्रवाल्याने मला ओळखलं. म्हणाला, "या भीमराव. पण आता बक्षीस नाही, बेडूक संपले." मी म्हटलं, बक्षीस नको, फक्त धरून बघतो. आधी उजव्याने धरला, सोडला. मग डाव्याने. या वेळी मी काट्याकडे बघितलं नाही, डोळे मिटले आणि त्याला म्हटलं, तुम्ही वीज केव्हा चालू करता, केव्हा बंद करता, मला सांगू नका. मी सांगतो. तो हसला, पण त्याने तसं केलं. मी, आता चालू, आता बंद, असं सांगत राहिलो. मी डोळे उघडले तेव्हा तो माझ्या बोटांवरच्या फोडांकडे बघत होता. पेटीचं बटन केव्हाचं चालूच होतं.

"कुठले तुम्ही?" म्हणाला.

"मिठागरातला आहे. मिठाने होतं असं."

"होत असेल," म्हणाला. मग त्याने फडक्यावर रॉकेल ओतलं आणि दांडा वरपासून खालपर्यंत पुसला. माझ्या आधी चार पोरं धरून गेली होती, तेव्हा पुसला नव्हता. वाईट बोलला नाही. जाताना म्हणाला, "डॉक्टरला दाखवा. लवकर गेलं की बरं होतं म्हणतात." मी बरं म्हटलं. मैदानाबाहेर आलो, एस. टी. त बसलो. धामणखारचा फाटा आला, कंडक्टरने नाव पुकारलं. मी बसून राहिलो.

दादा, मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं हे समजतं. जेवतो, झोपतो, बांध घालतो. कोंडीत पाणी घेतलं आहे. पायाने चिखल तुडवताना बाकीच्यांबरोबर गाणंही म्हणतो.

तुझ्या पत्रात शेवटी तू जे लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. दोन वर्षांपूर्वीच तू बरा झालास, डॉक्टरांनी तसं सांगितलं, आणि तू खारकोंडला आला होतास. बांधावरच बाबा भेटले आणि तुला परत लावून दिलं. मला हे माहीत नव्हतं. आईलाही नसावं. तो दिवस कोणता असेल ते मी आठवून बघत होतो. आठवला नाही. बाबांचे सगळे दिवस सारखे असतात.

तू तिथे विणकाम शिकवतोस हे वाचून बरं वाटलं. आश्रमाचे डॉक्टर गुरुवारी उरणला येतात असं लिहिलंस. येत्या गुरुवारी जाईन.

दयाराम

खारकोंड
६ जानेवारी १९६०

दादा,

उरणच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पीस फिरवलं, टाचणी टोचली, कोपराच्या मागची शीर बोटाने चाचपली. ती जाड झाली आहे म्हणाले. दंडाच्या मागे डाग आहे, तो मला दिसत नव्हता. आईने कधी पाहिला असेल तर मिठाने उठलंय म्हणून सोडून दिला असेल. डॉक्टर म्हणाले, "धर्माचा भाऊ ना तू? त्याने सांगितलं होतं, येशील म्हणून. तो आला तेव्हा बोटं वाकली होती. तू फार लवकर आलास. कसं कळलं?" मी सांगितलं, जत्रेत. ते हसले. म्हणाले, अशी यंत्रं गावोगाव लावायला पाहिजेत.

गोळ्या दिल्या. आठवड्याच्या ठरलेल्या वारी घ्यायच्या, बंद करायच्या नाहीत. घरात राहिलो तर चालेल, बायकोबरोबर राहिलो तरी चालेल, फक्त बायकोला आणि मुलीला एकदा तपासून घ्यायचं. भीती गोळ्या न घेणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही, असं ते म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले.

गोळ्या मी बाबांना दाखवल्या. लपवायला घरात जागा कुठे आहे. आम्ही कोंडीच्या बांधावर होतो, आजूबाजूला कोणी नव्हतं. बाबांनी गोळीची पुडी हातात घेतली नाही. फावड्याने चिखल ओढत राहिले.

"मीठ लागलंय," म्हणाले. "माज्या हाताला काय कळतं? ये, माज्या हातावर निखारा ठेव."

"डॉक्टरांनी बघितलं, बाबा."

"डाक्टराला मिठागर काय माहीत."

मी म्हटलं, दादालाही तुम्ही मीठच म्हणाला होता. हे मी मोठ्याने बोललो नव्हतो, पण त्यांनी फावडं थांबवलं. मग म्हणाले, "नीराबाईचा निरोप आलाय. संक्रांतीच्या आधी पोरीला आनि नातीला घेऊन जा म्हनतायत. आधी सगुणाला घरान येऊ दे. एकदा घरान आली का मग गोळ्या खा, काय पन खा. आता बोल्लास तं ती येनार नाय. मग शेजारच्या गावान कलंल. मग तुज्या मागं लागतील, तुना बी पनवेलला पाठवायला लागंल. मना दोन पोरं होती. एक बी ठेवायचं नाय का मी?"

नीराबाई म्हणजे सगुणाची आई.

बाबा एवढं एका दमात बोललेले मी कधी ऐकले नाहीत. त्यांचं चुकतंय असं मला वाटत होतं, आणि ते म्हणतील तसंच करावं असंही वाटत होतं. त्यांच्या म्हणण्यात एक सोय होती. सगुणा येईल, मुलगी येईल, मी गोळ्या घेईन, ती विचारील कसल्या गोळ्या, मी म्हणेन पोटाच्या. गोदी म्हणालो तसंच.

तू काय करायला सांगशील ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. तेरवा मी धामणखारला जाणार आहे. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून द्यायचं ठरवलं आहे. गोळ्या आईनेही पाहिल्या आहेत. काल माझा पेला घासून बाकीच्या भांड्यांच्या शेजारी ठेवताना तिचा हात थांबला. मग तिने तो बाकीच्यांतच ठेवला.

दयाराम

खारकोंड
१३ जानेवारी १९६०

दादा,

सगुणा आली नाही. कसं झालं ते क्रमाने लिहितो.

मी पोचलो तेव्हा अंगणात मुलीला आंघोळ चालली होती. नीराबाई पाय लांब करून बसली होती, पायांवर मुलगी, आणि तिच्या अंगाला तेल चोळत होती. मुलगी लाल होऊन रडत होती. पाहुण्यांनी पुढे होऊन बघायचं असतं, मी पडवीच्या कडेला उभा राहिलो. नीराबाईने वर बघितलं.

"जावाय आले, ते बांधावरचे बगळे झाले," म्हणाली. "पोर झाल्याला दोन महिने व्हायला आले. मधे दोनदा एस. टी. न या रस्त्यानं गेलात, कंडक्टर आमच्याच गावचा हाय, त्यानं सांगतलं. पोरगी झाली म्हनून राग हाय का? तसं असंल तं तोंडावर सांगा. आमी पोरगी टाकून द्यायच्या नाय."

मी म्हटलं, राग नाही. तिने मुलगी फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. नीराबाईचं तोंड एवढंसं झालं. सगुणा दारात उभी होती. तिने मुलगी आईकडून घेतली आणि मला म्हणाली, "चला, तुमाला वाल दाखवते, यंदा चांगला आलाय."

वालाचं शेत घराच्या मागे आहे. तिथे जाऊन बसलो. ती म्हणाली, "आता सांगा. आवडली नाय?" मी म्हटलं, आवडली. "मग हात का मागं घेतलात?"

बाबांनी सांगितलेलं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पोट बिघडलंय, प्रवासाचे हात आहेत, काहीही. मी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे अजून कुठेच ठरत नाहीत. मी सगुणाला डावा हात दाखवला, फोडांच्या जागा दाखवल्या, यंत्राचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, महारोग. डॉक्टर म्हणाले गोळ्या घेतल्या की भीती नाही, तेही सांगितलं. तिने मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मला ते दिसलं. तिलाही कळलं की मला दिसलं.

बराच वेळ ती वालाच्या शेंगा खुडत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या घरान आनि कोनाला झालाय?"

मी म्हटलं, दादाला. गोदीत नाही. पनवेलच्या आश्रमात.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"अजून बरे झाले नाय?"

मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वीच बरा झाला. घरी आला होता. बाबांनी बांधावरून परत पाठवला.

सगुणाने शेंगा खाली ठेवल्या. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "हात दाखवलात ते बरं केलंत. खोटं बोल्ला असता आनि मना नंतर कललं असतं तं मी आलीच नसती, कधीच. तुमच्या हाताचं मना भ्याव वाटतं. खरं बोलते. पन डाक्टर म्हनतो तं मी धीर करीन. मना भ्याव दुसऱ्याचं हाय. ज्या घरान बरा झालेला मानूस परत घेत नाय, त्या घरान उद्या तुमाला, मना, या पोरीला काय झालं तं? आमाला बी बांधावरूनच लावनार ना?"

मी खाली पडलेल्या शेंगा उजव्या हाताने एकत्र करत राहिलो.

"तुमचे दादा घरान येऊ द्या," म्हणाली. "सगल्यांच्या पंगतीला बसू द्या. ते बसलेले मना कलू द्या. मग मी येते, कोनी आनायला बी नको, मीच येते."

नीराबाईला तिने एवढंच सांगितलं की मुलीला अजून थंडी बाधते, महिनाभर राहू दे. नीराबाईला ते पटलं नाही. ती मला म्हणाली, "भाकऱ्या घेऊन आलात, तशा परत कशाला नेता, ठेवा इथंच." आम्ही सगळे जेवलो. मला पान वेगळं मांडलं नव्हतं. सगुणाने वाढलं.

परतीला मी रेवसच्या धक्क्यावर मचव्याची वाट बघत होतो. मचवा आला, माणसं चढली, मचव्याच्या तांडेलाने मला हाक मारली. मी ऐकत होतो पण उठलो नाही, त्याने पुन्हा मारली तेव्हा उठलो.

दयाराम

खारकोंड
१९ जानेवारी १९६०

दादा,

हे पत्र तुझ्यासाठी लिहितोय असं म्हणणार नाही. सगुणाने अट घातली नसती तर मी तुला या वर्षीही बोलावलं नसतं. पुढच्या वर्षीही नसतं. मी तुला पत्र लिहिलं तेसुद्धा स्वतःच्या बोटांसाठी. हे तू पहिल्याच पत्रात ओळखलं असशील, तरी उत्तर दिलंस.

घरी ये.

बाबांना मी जेवताना सांगितलं, आईच्या देखत. सगुणा काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू आला होतास. तिने भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं, बाबांना वाढलं, मला वाढलं. स्वतः बसली नाही. बाबा म्हणाले, "गावाला काय सांगनार?" मी म्हटलं, खरं. "मग गाव काय म्हनंल?" मी म्हटलं, गाव काय म्हणेल मला माहीत नाही, मला फक्त घरातलं ठरवायचं आहे. बाबा म्हणाले, "तू सहावी शिकलास म्हनून बोलतोस." मग आई बोलली. आईने त्यांना नावाने हाक मारली, बाळाजी म्हणून. मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "त्याला बांधावरून लावलंस, तवा त्याच्या अंगावर काय होतं?"

बाबा म्हणाले, "पांढरा सदरा."

"बारीक झाला होता?"

"नाय. बरा होता."

सकाळी बाबा नेहमीपेक्षा उशिरा बांधावर गेले. त्यांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी तुला याहून जास्त काही कबूल करू शकत नाही. ते वाटेत उभे राहिले तर मी त्यांना बाजूला करू शकेन का, तेही सांगू शकत नाही. पण या वेळी तू एकटा येणार नाहीस. मी पनवेलला येतो, आश्रमाच्या दारापर्यंत, आणि तिथून आपण दोघे एकाच एस. टी. ने येऊ.

भागोजीलाही सांगितलं. त्याच्या नावाने पत्रं येत होती ती कसली, हे सांगणं भाग होतं. तो बराच वेळ विड्या ओढत बसला. मग म्हणाला, "धर्माला आता कोंडीत उतरवशील का?" मी म्हटलं, तो विणकाम करतो. तो म्हणाला, "बरं, मग शकूसाठी लुगडं विनायला सांग." चालला, पुन्हा मागे आला आणि म्हणाला, "मी येऊ का पनवेलला? तिघं बसलो तं एस. टी. त कोनी चौथा शेजारी बसायला नको." मी नको म्हटलं. तो तरी येईल असं वाटतं.

सामान किती आहे ते कळव. माग बरोबर आणायचा असेल तर बैलगाडी सांगावी लागेल. आईने विचारलं, आंघोळीचं पाणी किती वाजता तापवून ठेवू. मी म्हटलं, कोणता दिवस आणि किती वाजता ते दादा कळवेल. तेव्हा कळव.

दयाराम